बर्नडेटचं पाणीबिल

केल्विनच्या नावाशी कर्जव्यवहारात अजून कोण जोडलेलं आहे, ते थॉर्पनी संगणकाच्या पडद्यावर वाचलं, आणि ते नाव जनीनचं नव्हतं. बर्नडेटचं होतं. केल्विनच्या पहिल्या बायकोचं.

जनीनच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या मोज्यांपासून दाढदुखीपर्यंत सगळं तिच्या ताब्यात होतं, आणि बँकांच्या लेखी हा माणूस अजून त्या बाईशी बांधलेला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जुनं जॉइंट खातं आहे गं, एवढंच," केल्विन कान खाजवत म्हणाला. "तिचं पाणीबिल जातं त्यातून. मी हातसुद्धा लावत नाही."

"ते तसंच असू द्या," थॉर्प म्हणाले. ते गृहकर्जाचे दलाल. ग्रिम्सबीतल्या कितीतरी अडलेल्या जोडप्यांना त्यांनी घरं मिळवून दिली होती, आणि गोड बोलणं हा त्यांचा धंदा नव्हता. "स्पष्ट सांगतो. तुमची दोघांचीही पत वाईट आहे. जनीन, तुम्ही कॅटलॉगमधून उधारीवर मागवलेल्या सामानाचे हप्ते थकवलेत, प्रकरण कोर्टात गेलं. केल्विन, तुम्ही मोबाइलचं बिल बुडवलंत. तुमच्या बाजूने बोलणारं हे एकच खातं आहे. इतकी वर्षं झाली, एकदाही उशीर नाही. त्याच्या जोरावर कशीबशी एक कर्जसंस्था तयार झालीय. तेव्हा किल्ली हातात पडेपर्यंत काही म्हणजे काही हलवायचं नाही. हप्त्यावर सोफा नको, नवा फोन नको, आणि ते खातं बंद करणं तर नकोच नको."

बसमध्ये जनीन खिडकीकडे तोंड करून बसली.

"म्हणजे ती बया पाण्याचं बिल भरते आणि माझा नवरा सज्जन ठरतो."

"अगं, फायदा आपलाच आहे ना?"

"आणि मी कोण? मी कॅटलॉगवाली बुडवी!"

"मी पण बुडवाच आहे की. जोडा शोभतो आपला," केल्विन म्हणाला. एरवी ती हसली असती.

घर तिला हवं होतं, जिवापाड हवं होतं. हेरन स्ट्रीटवरचं साधं लाल विटांचं घर, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण, आणि कोरड्या भिंती. सध्याच्या भाड्याच्या घरात पलंगामागची भिंत बुरशीने काळी पडायची आणि घरमालक दरवर्षी त्यावर रंग फासून जायचा. हेरन स्ट्रीटवर कुठल्या खिडकीला कुठला पडदा, हे जनीनचं कधीच ठरून गेलं होतं. पण आता त्या पडद्याआड बर्नडेट बसलेली दिसायला लागली. बर्नडेटचं स्वतःचं केशकर्तनालय होतं. स्वतःचं घर होतं, त्याला मागे काचेची खोली होती. दिसायलाही बरी होती मेली. सगळं असून हिला माझ्याही घरात वाटा हवा, असं जनीनच्या मनाने घेतलं. खरं तर त्या बिचारीने काहीच मागितलं नव्हतं, पण मत्सराला पुरावा लागतो थोडाच?

शनिवारी बाजारात मासेवाल्यापुढे नेमकी बर्नडेटच उभी.

"अगं जनीन! घर घेताय म्हणे. छान झालं हो!"

"तुला कोणी सांगितलं?"

"केल्व म्हणाला."

केल्व! जनीन त्याला केल्विन म्हणायची. 'केल्व' ही हाक तिच्या आधीची होती, म्हणून तिने ती कधी तोंडात घेतली नव्हती.

"ते खातं बंद कर," ती म्हणाली. मासेवाल्याचा सुरीवाला हात थबकला.

"केल्वला विचारलंस का?"

"माझ्या नवऱ्याचं काय करायचं ते मी ठरवीन. बंद कर. आत्ता."

थॉर्पचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिने ते गिळून टाकलं. एका पाणीबिलाने काय आभाळ कोसळणार आहे!

बर्नडेटने खांदे उडवले आणि पिशवीतून फोन काढला. दोघांपैकी एकाने सांगितलं तरी त्या बँकेला पुरत होतं. मासे तोलून होईपर्यंत काम झालं.

"सुटले बाई एकदाची. मी कधीची करणार होते, तोच दर नाताळात फोन करून थांबवायचा मला."

ती हॅडक माशाची पुडी घेऊन निघून गेली. दर नाताळात! जिंकल्याचा आनंद जनीनला बाजाराच्या दारापर्यंतही पुरला नाही.

पैसे सोडण्याआधी कर्जसंस्थेने दोघांची पत पुन्हा एकदा तपासली आणि नकार कळवला. थॉर्पचा फोन केल्विनला शीतगृहात कामावर असतानाच आला. तो घरी आला तो जाड कोट न काढताच खुर्चीत बसला.

"खातं बंद झालंय. बर्नडेटने असं का करावं?"

"मी सांगितलं तिला," जनीन म्हणाली. लपवून उपयोग नव्हता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आपण आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला पुरतं कळलं होतं. माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"दर नाताळात तिला फोन करायचास तू?"

केल्विनला क्षणभर खरंच वाटेना. घर गेलं होतं, आणि ही बाई फोन मोजत होती.

"करायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी खातं बंद करायला लावलं असतंस."

ते खरं होतं. तरी राहवेना.

"काय बोलायचात एवढं?"

"काय बोलणार? ती म्हणायची बंद करते, मी म्हणायचो थांब. ती म्हणायची कशाला, तर मी म्हणायचो, जनीनला घर हवंय. ओलीत झोपून खोकते ती, तिला एक कोरडं घर द्यायचंय मला. मग ती म्हणायची बरं. दरवर्षी हेच."

तो उठून कोट काढायला आत गेला.

जनीन तिथेच उभी राहिली. सहा नाताळ त्या बाईने हे ऐकलं होतं, केल्विनच्या तोंडून, आणि जनीनच्या कानावर ते एकदाही पडलं नव्हतं. घर गेल्याचं रडू तिला आता फुटलं, आणि रडतानाही तिला बर्नडेटचाच हेवा वाटत होता.