त्रिंबकतात्यांचा हुंकार

आमच्या गावात सुनेनं सासऱ्यासमोर जास्त बोलू नये असा रिवाज आहे, आणि तो पाळण्यात त्रिंबकतात्यांचं घर सगळ्यांच्या पुढं. त्यांची सून सुरेखा डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नाही. "मामा, च्या ठिवलाय" आणि "मामा, पानी तापलंय" एवढ्यावर तिचं सासऱ्याशी दिवसभराचं बोलणं संपतं. पण रोज दुपारी हीच सुरेखा उंबऱ्याशी बसून तात्यांना रहस्यकथा वाचून दाखवते, आणि नायक नायिकेला पत्रात काय काय लिहितो ते शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते. त्याला कुणाचीच हरकत नाही. कारण ते पुस्तक बोलतं, सुरेखा नाही.

मी वनमाला, इथल्या वाचनालयाची ग्रंथपाल. केजहून जीपमध्ये कोंबून घेतलं तर येता येईल असं आमचं गाव, आणि वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे एक खोली, एक पंखा आणि पंख्याखाली कोण बसणार यावरून भांडण. तात्या माझे सगळ्यात जुने वाचक. माणूस चौथी शिकलेला, पण कपाटातली एक कादंबरी सोडली नाही. काही पुस्तकं बायामाणसांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनीच वरच्या फळीवर ठेवायला लावली, आणि मग शिडी मागून तीच वाचली. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा सगळं गाव हळहळलं. तात्यांनी मात्र एकच विचारलं, "अर्धं ऱ्हायलेलं पुस्तक आता कोन वाचनार?" ते सुरेखानं वाचलं, आणि तेव्हापासून तीच वाचते.

त्यांची वाचायची रीत ठरलेली. वाक्य संपलं की सुरेखानं थांबायचं, तात्यांनी "हं" म्हणायचं, मग पुढचं वाक्य. ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर सांगणाऱ्यानं तोंड मिटायचं, ही आमच्याकडची जुनी शिस्त आहे. तात्यांचे हुंकार तरी किती तऱ्हेचे! खलनायक आला की तुटक, कुणी मेलं की लांबलचक, आणि प्रेमाचं काही आलं की घसा साफ केल्यासारखा, सुनेला अवघडल्यागत होऊ नये म्हणून. पुस्तक बदलायला गेले की मी दारात उभी राहून ऐकायचे. हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या घरात मी बोलते तेव्हा टीव्हीचा आवाज वाढतो.

अडचण एकच होती. दिवाळी झाली की सुरेखा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परत येते. तात्यांच्या बायको चंद्रभागाबाई घरी असतात, पण त्यांना अक्षर येत नाही. तेवढे महिने तात्या पुस्तकाविना. गेल्या हंगामात मी वाचून पाहिलं. मला वर्णनं गाळून पुढं पळायची सवय. "वनमाला, अजून दिस बुडाला न्हाई, तू कंदील कावून लावला?" असं तात्यांनी मला रंगेहाथ पकडलं. मी चिडले, ते चिडले, आणि आमचं बिनसलं. मग ते ओट्यावर नुसते बसून असायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ऊन खातोय." ते ऊन खाणं मला बघवत नव्हतं.

यंदा पावसाळ्यात वरून परिपत्रक आलं. छापलेलं वाचू न शकणाऱ्यांचीही सोय यापुढं वाचनालयांनी करावी: ज्यांना दिसत नाही, ज्यांना अक्षरं लागत नाहीत, ज्यांना हातांनी पुस्तक धरता येत नाही. सोबत एक बोलकी डबी आली. पुस्तक आत घातलं की ती वाचून दाखवणार. आमचे अध्यक्ष विजयसिंह यांनी लगेच मंडप टाकला. नारळ फोडला, डबीला हार घातला, आणि 'ग्रंथालयांचे भवितव्य' यावर इतकं बोलले की भवितव्य तिथंच संपून जातं की काय असं वाटलं. शेवटी डबी तात्यांच्या हातात आली.

डबीतली बाई बोलते छान. स्वच्छ, न अडखळता, चहा न पिता. तात्या पहिल्या वाक्याला "हं" म्हणाले, तोवर ती दुसऱ्यावर गेली होती. त्यांनी घाईनं दुसरा हुंकार दिला, तर बाई चौथ्यावर. थोडा वेळ तात्या तिच्यामागं नुसते पळत होते. मग दमले आणि डबी खाली ठेवली.

"कुठली म्हनायची ही?"

"कुठली नाही तात्या, यंत्र आहे ते," मी म्हणाले.

"यंत्र असू दे की. समोरचं मानूस जितं हाय का मेलं, येवढं तरी बघंल का न्हाई?"

विजयसिंह पुढं झाले. "तात्या, हिला तुमच्या हुंकाराची गरजच न्हाई. त्योच तर फायदा हाय."

"मग हिला माझीबी गरज न्हाई," तात्या म्हणाले आणि काठी चाचपू लागले. चहा व्हायच्या आत कार्यक्रम आटोपला.

मी काही सहजासहजी हार मानणारी नाही. ठरवलं, सुरेखाचाच आवाज भरून ठेवायचा. शहरात एक केंद्र आहे, ते माणसांनी वाचलेली पुस्तकं गोळा करून राज्यभरातल्या अंधांना पोचवतं. तिकडंही पाठवू, म्हणजे तात्यांची सोय आणि आमच्या वाचनालयाचं नाव. सुरेखाला बोलावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. तिनं पहिलं वाक्य झकास वाचलं आणि गप्प बसली.

"अगं, पुढं?"

"हं कोन म्हनंल, बाई?"

"मी म्हणते. हं!"

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तुमच्या 'हं'चं भ्या वाटतंय. शाळंत उभं केल्यावानी."

झालं, तात्यांना आणावं लागलं. घरी मधे उंबरा तरी असतो, इथं एका खोलीत सुनेसमोर कसं बसणार म्हणून कपाटाच्या पलीकडं खुर्ची टाकली. अलीकडून वाक्य, पलीकडून "हं". असं करत करत जहागीरदाराच्या विहिरीतल्या सांगाड्याची अख्खी कादंबरी भरली. खुनी सापडला आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. सुरेखा बिऱ्हाड घेऊन कर्नाटकात गेली.

केंद्राचं उत्तर आलं, "वाचन फारच सुंदर आहे. मात्र मधूनमधून एक गृहस्थ आवाज करतात. कृपया त्यांना काढावे."

आधी मला रागच आला. मग ईर्ष्या चढली. वाचनालयाच्या जुन्या संगणकावर बसून मी काटछाट शिकले आणि एकेक हुंकार वेचून काढला. तात्यांसाठी सोडलेली मोकळी जागासुद्धा ठेवली नाही. वाक्याला वाक्य असं बेमालूम जोडलं की सुरेखा जणू आकाशवाणीवरच बसली आहे. केंद्राला पसंत पडलं. आता आमची सुरेखा कुठं कुठं ऐकली जाते. विजयसिंहांनी चौकात फलक लावला, त्यात त्यांचा फोटो पुरुषभर, माझा तिकिटाएवढा, आणि सुरेखा-तात्यांचा नाहीच. तरी मी खुशीत होते. संगणक जड चालतो म्हणून आधीचं हुंकारवालं सगळं पुसून टाकलं, आणि नवी कोरी प्रत तात्यांच्या डबीत भरली. एक सुरेखाच्या मोबाइलवरही धाडली.

थोड्याच दिवसांत तात्या काठी टेकत वाचनालयात आले. डबी माझ्या टेबलावर ठेवली.

"वनमाला, खरं सांग. सुरेखा जाताना माझ्यावर रागं भरून गेलती का?"

"असं का म्हणता?"

"थांबतच न्हाई ती. मी हं म्हनतोय, ती आपली चाललीच. असं कदी केलं न्हाई तिनं."

मी सगळं समजावलं. केंद्र, काटछाट, संगणक. तात्यांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा काही पालटला नाही. डोळ्यांनी पाहता येत नसलेल्या माणसाला आवाजाचा आधार, आणि मी तोच पुसून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथं सुरेखाला फोन लावला. म्हटलं, एखादं प्रकरण तरी पुन्हा वाच, थांबून थांबून.

तिनं मला बोलूच दिलं नाही. "बाई, मामांना काय झालंय? लपवू नगा."

"काय होणार?"

"मी कमरंला मोबाइल खोचून ऊस तोडताना पुस्तक ऐकते. त्यात मामांचा आवाजच न्हाई. येकदाबी न्हाई. घरचे सांगतेत समदं बरं हाय, पर मला खरं वाटंना."

परिपत्रकात हात नसलेल्यांचा विचार केला होता. हात रिकामे नसलेल्यांचा कुणाला सुचला नव्हता, मलाही नाही.

"अगं, ठणठणीत आहेत. हे काय समोर बसलेत. घे, बोल." मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो तात्यांच्या हातात कोंबला.

तात्यांनी फोन तव्यावरच्या भाकरीसारखा बोटांच्या टोकांवर धरला होता. पलीकडून नुसती उसाच्या पाचटाची सळसळ. इतकी वर्षं दोघांच्या मधे पुस्तक होतं, आज ते नव्हतं. चहा, पाण्याचंही काही निमित्त नव्हतं. बोला, बोला, म्हणून मी हातवारे करत होते. एकाला दिसत नाही आणि दुसरी कर्नाटकात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग सुरेखानं घसा साफ केला, आणि तिच्या त्या वाचायच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आज सकाळी फडात लई धुकं पडलं होतं."

थांबली.

"हं," तात्या म्हणाले.

"धुक्यात मुकादमाची मोटारसायकल वगळीच्या खड्ड्यात गेली."

"हं." हा खलनायकाचा हुंकार, मी ओळखला.

"मुकादमाला काय लागलं न्हाई."

"हं." जरा नाराजीनंच.

"आमच्या पाचटाच्या कोपीत मांजर व्यालं. येक पिल्लू पार बोळक्याएवढं हाय."

"हं."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तात्यांचे खांदे सैल झाले होते, त्यांनी फोन कानाशी नीट धरला होता. सुरेखा पुढच्या वाक्याआधी जराशी अडली.

"मागल्या आठवड्यात कोयता लागला. टाके पडलेत. आता बरं हाय, परत कामाला जाते."

तात्या "हं" म्हणाले नाहीत. पलीकडं सुरेखा थांबून राहिली. हुंकार आल्याशिवाय तिला पुढं जाता येईना. तात्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"कोनता हात, पोरी?"

"डावा, मामा," सुरेखा म्हणाली, आणि मग कशासाठीही न थांबता सगळं सांगत सुटली.