यंत्रांच्या गळ्यातले हार

मी बोलतेय, सरावलीच्या उषाताईंची तांबडी कोंबडी. घाबरू नका, आरवणार नाही. ते मोठं काम कोंबडा करतो आणि उरलेला दिवस मिरवतो. मी आपली अंडी घालते.

माझा जन्म उबवणीच्या यंत्रात झाला, त्यामुळे आईच्या आठवणी सांगून तुम्हाला रडवायची सोय नाही. उषाताईंच्या परसात आम्ही बावीस जणी. मक्याची भरड, भाताचा कोंडा, भाजीची देठं असा आमचा संसार बरा चालला होता.

मग आमची अंडी विकत घेणाऱ्या बोईसरच्या वैभवी मॅडमना बलक फिका वाटला. मॅडमनी आयुष्यात खुराडं पाहिलेलं नाही, पण मोबाइलमुळे त्यांना कोंबड्यांचं सगळं कळतं. नैसर्गिक अंड्याचा बलक म्हणे केशरीच हवा. त्यांच्या इमारतीतली सारी गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दावर चालणारी.

झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक रंगतो, हे खरं आहे. आणि दसरा नुकताच झाला होता. उषाताईंचे यजमान शिवाजीराव कारखान्यात नोकरीला. दसऱ्याला तिथे यंत्रांना हार घालतात, नारळ फोडतात. दुसऱ्या दिवशी शिवाजीराव ते हार गोणीत भरून घेऊन आले.

"पूजेची फुलं आहेत, वाया कशाला घालवायची?" ते म्हणाले.

पूजा यंत्रांची, प्रसाद आम्हाला. पाकळ्यांना काळं वंगण लागलं होतं. पण देवाच्या नावानं आलेली वस्तू कोण हुंगून बघतो? उषाताईंनी त्या वाळवल्या, कुटल्या आणि भरडीत मिसळल्या. आम्ही मुकाट खाल्ल्या.

बलक असा केशरी झाला की मॅडमनी त्याचे फोटो काढले. आठवड्यानं मात्र ऑम्लेटला यंत्राच्या तेलासारखा उग्र वास येऊ लागला. गिऱ्हाइकं कुरकुरली. सगळ्यांत जास्त मी खाल्लं होतं, म्हणून माझं पोट बिघडलं, पिसं झडली, अंडी थांबली. झालं, गुन्हेगार सापडला.

"हिलाच रोग आहे. रविवारी रस्सा करून टाकू," शिवाजीराव म्हणाले. फुलांवर शंका घेण्यापेक्षा कोंबडी कापणं सोपं असतं. मला फार भीती वाटली, हे लपवत नाही.

शनिवारी जिवली शेवग्याचा पाला विकायला आली. तिच्या पाड्यावर कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिनं भरडीची मूठ नाकाशी नेली.

"ताई, हुंगून बग. याला मशीनचा तेल लागलाय. कोंबडीचा दोस नाय."

उषाताईंनी हुंगलं आणि त्यांना ते पटलं. मग त्यांनी सगळी भरड खड्ड्यात पुरली आणि मॅडमना फोन लावला. चूक आपली असल्याचं सांगितलं, आता बलक काही दिवस फिका येईल हेही सांगितलं.

"अहो उषाताई, रंग तोच ठेवा ना, तेवढा वास काढा," मॅडम म्हणाल्या.

"नाही जमणार," उषाताई म्हणाल्या. तेवढ्यात यजमानांनी उद्याच्या रश्श्यासाठी सुरी मागितली. उषाताई त्यांच्याकडे वळल्या. "तिला हात लावायचा नाही. हार तुम्ही आणलेत, खायला मी घातले. तिनं काय केलंय?"

मी जगले. हल्ली भरडीत शेवग्याचा पाला असतो. मॅडमची इमारत आता दुसरीकडून केशरी अंडी घेते. तिथल्या कोंबड्या काय खातात, हे अजून कुणी विचारलेलं नाही. माझा अपराध एवढाच होता, की समोर आलं ते विश्वासानं खाल्लं. वाचकहो, तुम्हीही अंडं तसंच खाता.