पकड की खात्री?

मी एक जुनी प्रश्नावली आहे. पाठपोट छापलेली, कडा दुमडलेली, वरच्या कोपऱ्यात पिनेची भोकं पडलेली. तुम्ही म्हणाल, प्रश्नावलीला कसलं आलंय आयुष्य? मित्रांनो, मलाही आधी तसंच वाटायचं. पण माणसांनी मला इतका मनस्ताप दिला आहे, की तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे, इंग्रजीत झाला. संधिवात झालेल्या माणसांना मी विचारायचे, अमुक एक काम तुम्ही स्वतः कराल याची तुम्हाला कितपत खात्री वाटते? एक म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे अगदी पक्की. सांधे किती सुजले ते डॉक्टर बघतातच. पण त्या माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं, हे कोणी विचारायला नको का? ते माझं काम होतं. तिकडे माझं छान चाललं होतं आणि अभ्यासक माझं नाव आदराने घ्यायचे.

मग मला मलेशियातल्या पेनांगला आणलं. इथल्या एका मोठ्या इस्पितळात खोर पो गेक नावाची थेरपिस्ट हातांचे व्यायाम शिकवायची. तिच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या रुग्णांना चिनीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून तिने मला चिनी करायचं मनावर घेतलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही. चिनीतही मी तेच मोजते, हे सिद्ध व्हावं लागतं. तोवर मला कोणी दारात उभं करत नाही.

एकाने माझं चिनी केलं. दुसऱ्याने मूळ न बघता त्या चिनीचं पुन्हा इंग्रजी केलं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून शहाणी माणसं भांडली. सुरीकाट्याने मांस कापण्याच्या प्रश्नावर अख्खी दुपार गेली, कारण इथे ताटात मांस कापतंय कोण? शेवटी तिथे चॉपस्टिक्सने घास उचलणं आलं. ‘खात्री’ या शब्दावर मात्र कोणीच भांडलं नाही. त्याला एक भारदस्त चिनी शब्द सापडला. त्याचा मूळ अर्थ मुठीत धरणं, पकड. पण शिकलेली माणसं तो खात्री या अर्थाने वापरतात. तुमच्याकडे नाही का म्हणत, अमक्याची गणितावर चांगली पकड आहे? तसंच. परतीच्या भाषांतरात तो शब्द बिनबोभाट ‘खात्री’ होऊन आला आणि सगळे खूश झाले. मी तेवढी धास्तावले. सुजलेल्या बोटांच्या माणसांना मी आता पकड विचारणार होते! पण मला तोंड कुठे होतं?

पुढचे महिने माझी नुसती चिडचिड झाली. सासूला विचारलं की सून उत्तर द्यायची. कोणी म्हणायचं, “बघू, तब्येतीवर आहे.” चार हा आकडा तर कोणी उच्चारायलाच तयार नव्हतं, कारण चिनीत तो ऐकायला ‘मरण’ या शब्दासारखा. पो गेक बिचारी गोड हसून पुन्हा पुन्हा विचारायची आणि दार बंद झालं की कपाळावर हात मारून घ्यायची.

अशात एके सकाळी सॉ इम आली. आयर इतामच्या बाजारामागे नवऱ्याच्या पश्चात एकटी राहणारी म्हातारी. बसल्या बसल्या तिने पो गेकला सगळं सांगून टाकलं, की ती रोज जिना उतरून बाजारात जाते, परतताना लाक्साच्या, म्हणजे शेवयांच्या आंबट रश्शाच्या, गाडीवर गप्पा मारते आणि दुपारी तिच्याकडे मैत्रिणींचा पत्त्यांचा अड्डा जमतो. सोबत मुलगा होता, बून किअत. तो क्वालालंपूरच्या शाळेत चिनी शिकवायचा. आईला आपल्या फ्लॅटवर न्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि तिला मरेपर्यंत स्वतःचं घर सोडायचं नव्हतं.

माझ्याकडे यायच्या आधी डॉक्टरांनी सॉ इमला हाताचा जोर मोजायचा, काटा जोडलेला एक रबरी फुगा दाबायला लावला होता. काटा जेमतेम थरथरला. डॉक्टर म्हणाले, “पकड गेली आहे.” तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पो गेक मला होक्किएन या तिच्या चिनी बोलीत वाचून दाखवू लागली. पण तो भारदस्त शब्द तिने तसाच ठेवला, कारण माझा एकही शब्द बदलायचा नाही असा नियम होता.

“मावशी, जिना उतरायची तुमची कितपत पकड आहे? एक ते दहात सांगा.”

“पकड? आत्ताच तर तुमच्या डॉक्टरने फुगा दाबून घेतला. एक लिही.”

“चॉपस्टिक्सने घास उचलायची?”

“एक.”

“दुखण्याने मन उदास झालं, तर ते सावरायची?”

“आता मनालाही पकडायचं का? अगं, मला बाटलीचं झाकण धरवत नाही. एक!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय विचारत होते आणि ती काय सांगत होती! एकाच्या आकड्याभोवती गोलांमागून गोल पडत गेले आणि बून किअतने मान लांब करून ते पाहिले.

“बघ आई, मी सांगत होतो तेव्हा मी वाईट ठरलो. आता तूच तुझ्या तोंडाने सांगितलंस. सगळीकडे एक! कशाच्या जोरावर एकटी राहणार आहेस?”

“अरे, पण ती पकडीचं विचारत होती...”

“चेंग बेंगच्या सणाला बाबांचं थडगं साफ केलं, की निघायचं. आता मी ऐकणार नाही.”

पो गेक म्हणाली, “अहो, हा कागद अभ्यासासाठी आहे. यावरून असं काही ठरवत नाहीत.” पण त्याने खुर्ची मागे सारली होती. ज्या बाईची खात्री मोजायला मी आले, तिचंच घर माझ्यामुळे सुटणार होतं. मला फाडून टाकलं असतं तर बरं, असं वाटलं.

दोन आठवड्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, हाही नियमच. उत्तरं जुळली तर मी भरवशाची. सॉ इम आली ती धुमसतच. तिचं सामान बांधायचे खोके बून किअतच्या गाडीत होते.

“पुन्हा तेच? मागच्या वेळी काय झोपली होतीस?”

“नियम आहे, मावशी. दोन्ही वेळा तुम्ही तेच सांगता का, ते बघायचंय.”

“म्हणजे मी खोटं बोलते का, ते! तुझ्या या कागदापायी माझं घर चाललं. आता आणखी काय घेतेस?”

पो गेकचा चेहरा उतरला. तरी तिने वाचलं, “जिना उतरायची तुमची कितपत पकड...”

“जिन्याला पकड कशाला लागते? जिना पायांनी उतरतात! मी कठड्याला हातसुद्धा लावत नाही. पकड विचारतेस ना? मग लिही एक!”

बून किअतने फोनमधून डोकं वर काढलं. चुकीच्या अर्थावर लाल रेघ मारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याने ते ऐकवेना.

“आई, काय बोलतेस! इथे पकड म्हणजे पकड नव्हे. खात्री! तुला खात्री आहे का, असं विचारतेय ती. पाचवीतल्या पोराला कळतं हे!”

“मला कोणी पाठवलं होतं पाचवीत? जिना उतरेन याची खात्री विचारतेय?”

“हो.”

“रोज उतरते, त्या जिन्याची?”

“हो गं, त्याच!”

“मग दहा.”

आपण काय करून बसलो, हे बून किअतच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्याने जीभ चावली. सॉ इम मात्र आता खुर्चीत सरसावून बसली होती.

“पुढचं विचार. शर्टाची बटणं? सहा. वेळ लागतो, पण लागतात. झाकण? दोन. ते शेजारीण उघडून देते.”

“उदास झालेलं मन सावरायची खात्री?” पो गेकने हळूच विचारलं.

सॉ इमने मुलाकडे बघितलं. “माझ्या घरात असले, तर नऊ. याच्या फ्लॅटवर, एक.”

बून किअतने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “ते खोके घरीच ठेवू. पत्त्यांच्या अड्ड्याला स्टूल म्हणून चालतील.”

आणि माझं काय झालं? मी नापास झाले. पो गेकने दोन्ही कागद शेजारी ठेवले, ते कुठेच जुळेनात. एकीने पकड ऐकली, तर आणखी किती जणांनी ऐकली असेल? इतक्या महिन्यांची सगळी उत्तरं तिला बाजूला टाकावी लागली. तिने मला टेबलावर आपटलं आणि ती रडली. मित्रांनो, मी विचारलेल्या प्रश्नाचं पहिल्यांदा कोणीतरी खरं उत्तर दिलं, आणि त्यानेच माझा निकाल लागला. हे दुखणं मी कोणाला सांगू?

आता माझ्या जागी नवी आली आहे. ‘हे तुम्हाला करता येईल असं वाटतं का?’ असं ती साध्या शब्दांत विचारते. तिचं उत्तम चाललंय म्हणे. चालू दे. आम्ही उरलेल्या कोऱ्या प्रती रद्दीत पडलो होतो. पुढे सॉ इम व्यायामाला आली, तेव्हा तिची नजर आमच्यावर गेली. “एवढा चांगला कागद टाकतेस? दे इकडे,” म्हणून तिने आमचा गठ्ठा पिशवीत कोंबला.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. कोणाला काही विचाराल, तर त्याने काय ऐकलं तेही विचारून घ्या. आणि उत्तराचा आकडा हातात आला की त्याच्या जिवावर कोणाचं घर हलवू नका.

काल दुपारी पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी सॉ इमने मला घडी घालून शेंगांच्या टरफलांसाठी खोका केला. तिचा अंगठा वाकडा आहे, बोटं सुजलेली आहेत. एक कोपरा निसटला, तशी तिने मला शिवी हासडली आणि तो पुन्हा दाबला. समोरची मैत्रीण कंटाळून म्हणाली, “अगं, वाटी घे की सरळ. एवढे हात दुखतायत, मग हे कशाला करत बसतेस?”

“येतं म्हणून,” सॉ इम म्हणाली.

एवढंच तर मला विचारायचं होतं.