याकोबाचं पत्र आणि कूलरजवळची खुर्ची

बेसाच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत, कूलरला लागून, हातांची एक वेताची खुर्ची आहे. एकोणीस वर्षं तिच्यावर मीच बसत आले. लोक समजतात, बायजाबाईला हवा लागते आणि मान लागतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोणाला नको? आणि मान मला खुर्ची देत नाही, मी खुर्चीला देते. आता खरी गोष्ट वेगळीच आहे. माझा डावा कान दोन वर्षांपासून गेलेला आहे आणि उजवाही निघायच्या तयारीत आहे. धंतोलीतल्या डॉक्टरनं मशीन लावा म्हणून सांगितलं, तेव्हा मी ऑटोनं एकटीच गेले होते. घरी येऊन सांगितलं, डॉक्टर अजून पोरगाच आहे, त्याला काय कळतं. त्या खुर्चीत बसलं की कूलर बहिऱ्या बाजूला पडतो आणि पाळकसाहेबांचा शब्द थेट उजव्या कानात येतो. तिथून उठवलं तर उपासनेत मी नुसती भिंत. आणि हे लोकांना कळण्यापेक्षा भिंत झालेलं बरं.

अशात आमच्या सौरव पाळकांनी बुधवारचा अभ्यासवर्ग काढला. माणूस तिशीतला, चांगला आहे, फक्त उत्साह जरा जास्त. म्हणाले, बायबलातलं याकोबाचं पत्र वाचू. आणि नुसतं वाचायचं नाही, जे वाचलं ते येत्या रविवारी करून दाखवायचं. वर्ग लतिकाच्या घरी, लहानशा खोलीत, म्हणून मला सगळं ऐकू आलं. दुसऱ्या अध्यायात निघालं की सभेत सोन्याची अंगठीवाला आला तर तुम्ही त्याला चांगल्या जागी बसवता, आणि मळक्या कपड्यातला गरीब आला तर त्याला म्हणता, तिकडे उभा राहा. याकोब म्हणतो, हे पाप. बरोबरच म्हणतो. मी मान हलवली. मग बघते तर लतिका माझ्या अंगठीकडे बघून राहिली होती.

लतिका आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. तिला वाटतं, पद म्हणजे पंख. तिनं तिथल्या तिथं सुचवलं की सोनंवाले मागं, आणि कूलरजवळची खुर्ची मळक्या कपड्यातल्या माणसासाठी. सगळ्यांनी होकार दिला. माझी अंगठी तीस वर्षांपासून बोटातून निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, "काकू, तुमाले वाईट तं नाही वाटलं?"

मी म्हटलं, "वाईट काहून वाटन वं? तुह्या घरचा चहा पिऊन मी बसलीच आहे न अजून."

रविवारी लतिका फाटकाशी साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन उभी. ज्याची अंगठी निघत नसेल त्यानं बोट बुडवायचं. माझं बोट बुडालं, सुरकुतलं, अंगठी जागची हलली नाही. मी दाराजवळच्या शेवटच्या रांगेत गेले, तर तिथं जागाच नाही, कशीबशी कोपऱ्यात शिरले. सगळी मंडळी मागं दाटलेली. चांगल्या जागेचं पाप कोणालाच नको होतं. कमिटीचे अध्यक्ष रामाजी स्कूटर पुसायचा शर्ट घालून आले होते, तरी खुर्चीत बसा म्हटल्यावर म्हणाले, मी काही गरीब नाही, नम्र आहे. पुढच्या सहा रांगा रिकाम्या आणि कूलर त्यांच्यावर गारेगार हवा फेकून राहिला होता. गेल्या महिन्यात माईक बिघडला होता, म्हणून पाळक ओरडत होते. मला त्यांचे ओठ दिसत होते, बस.

मध्येच त्यांनी हात वर केला. मला वाटलं, प्रार्थना संपली. मी ठणकावून म्हटलं, आमेन. माझ्या पाठोपाठ दहाबारा जण म्हणाले, आमेन. बायकोनं कानाशी काही सांगितलं आणि रामाजी लाल झाले. नंतर कळलं, पाळकांनी सांगितलं होतं की रामाजींच्या सासूबाई पडल्या, त्यांना दवाखान्यात भरती केलंय.

लोक म्हणाले, बायजाबाईची जीभ लईच तिखट.  बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा तिखट म्हणवून घेतलेलं परवडतं.

दुसऱ्या रविवारी कूलरचा पंप बसला. लतिकानं फोन करून कूलरवाल्या भैय्याजींना बोलावलं. पन्नाशीचा माणूस, गाणं सुरू असतानाच आत आला. अंगावर ग्रीसचे डाग, खांद्यावर कूलरच्या जाळ्यांत भरायच्या घासाचा भारा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग पाळकांचा चेहरा असा उजळला की बस. पत्रातला माणूस स्वतःच्या पायानं चालत आला होता.

चौघांनी त्याला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. रसना दिली. नंतर कळलं, तो सांगत होता, मी बौद्ध आहे, कूलर उघडू द्या, पुढचं काम आहे मनीषनगरात. पाळक म्हणाले, आज तुम्ही काम करायचं नाही, आज तुम्ही पाहुणे. तो दर पाच मिनिटांनी पान्याकडे हात न्यायचा आणि रामाजी प्रेमानं पाना काढून घ्यायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री. दीड तास तो माणूस बंद कूलरशेजारी मानानं बसून राहिला. दोन बायांना चक्कर आली. जाताना पाळक त्याला म्हणाले, दर रविवारी या.

सोमवारी कोणी नसताना येऊन त्यानं कूलर सुरू केला. आणि रविवारी खरंच आला. आंघोळ केलेला, नीळ दिलेला पांढरा सदरा, केस चापून बसवलेले, बोटात पितळेची अंगठी. लतिका गोंधळली. तिनं पत्र उघडून पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत पत्र पाहिलं आणि त्याला मागं पाठवलं. तो माझ्या उजव्या हाताला येऊन बसला. तीन आठवड्यांत चर्चमध्ये मला स्वच्छ ऐकू आलेला तो पहिला आवाज.

तो हळूच म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मले बसवलं होतं का माह्या शर्टाले?"

मी अंगठीचं बोट पर्सखाली घेतलं.   थोड्या वेळानं त्यानं विचारलं, साहेब काय सांगून राहिले. मी म्हटलं, ऐक की. तो म्हणाला, कूलरच्या आवाजात काहीच कळत नाही, तुम्ही जुन्या आहात, तुम्हीच सांगा. चांगला सदरा घालून, ऐकायला म्हणून आलेला माणूस. त्याच्याशी खोटं बोलवेना.

"मले ऐकू येत नाही गा," मी म्हटलं. "डावा गेला, उजवाही जाऊन राहिला. कोणाले सांगू नको."

कारागीर माणूस. बिघाड कळला की गप्प बसणं त्याच्या हाताला माहीत नाही. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, थांबा जरा. मावशीले ऐकू येत नाही."

चाळीस माना मागं वळल्या.  लतिकानं तोंडावर पदर घेतला, हसायला की रडायला, ते तिचं तिला ठाऊक. मी पर्स उचलली. घरी जायचं आणि परत यायचं नाही, असं पक्कं केलं.

तेवढ्यात उजवीकडून रामाजी ओरडले, "मलेही येत नाही."

पुढचं सगळं भैय्याजी माझ्या उजव्या कानात सांगत होता. मग मधल्या रांगेतली देवकी म्हणाली, मलाही नाही, लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हापासून. हात वर होऊ लागले. मोजले तर चौदा.

लतिका म्हणाली, "मंग तुम्ही आमेन कसे म्हणत होते?"

"बायजाबाईची मान पाहून," रामाजी म्हणाले. "त्या समोर बसायच्या न. मान हलली का आम्ही म्हणायचो. तुम्ही त्यांले मागं बसवलं, तवापासून आमचे हाल आहेत."

सौरव पाळक वेदीच्या पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझे तीन वर्षांचे उपदेश?"

"चांगलेच असतीन, साहेब," रामाजी म्हणाले.

भैय्याजी कोणाला न विचारता गेला आणि कूलरचं बटण बंद केलं. घुरघुर थांबली तसं बाहेरच्या रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ऐकू आला. पाळक पुस्तक घेऊन मध्ये आले, लोकांनी खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती गोल केला. कोण पुढं, कोण मागं, ते काही राहिलं नाही. लतिकानं माझी वेताची खुर्ची उचलून आणली आणि पाळकांच्या जवळ, माझा उजवा कान त्यांच्याकडे येईल अशी ठेवली. मी तिचे आभार मानले नाहीत, पण बसले. अंगठी बोटात होती तरी बसले. याकोबाला काय सांगायचं ते वर गेल्यावर मी बघून घेईन. भैय्याजी शेजारी बसला.

त्या दिवशी तिसरा अध्याय होता. तो सगळा जिभेवर आहे. जीभ म्हणे एवढीशी, पण अख्खं रान पेटवते. घोड्याला लगाम घालता येतो, जिभेला नाही. लांबलचक अध्याय आहे, आणि मला त्यातला शब्दन्‌शब्द ऐकू आला. संपल्यावर पाळक थांबले. सगळे घामानं निथळत होते आणि सवयीनं माझ्या मानेकडे बघत होते.

मी त्यांना बराच वेळ बघू दिलं.