लेंडीतले बी

१९७६च्या उन्हाळ्यात माढ्याजवळच्या एका गावाने गायरानातली वेडी बाभूळ काढायचे ठरवले. दुष्काळानंतर ती माळभर पसरली होती. तिच्याखाली पवन्या गवत उगवत नव्हते, आणि मेंढरांना शिरायला वाट उरली नव्हती. मी सोलापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे; दर रविवारी पहिल्या एसटीने गावी पोचायची. चाळीसएक माणसे कुदळी घेऊन आलेली असत. बुंधा नुसता तोडला तर दुपटीने फुटतो, म्हणून खोडाच्या खाली हातभर खणावे लागे. मे संपेपर्यंत तीन एकर मोकळे झाले.

जमीन उघडी आणि निकस दिसत होती. गावचे धनगर तात्याबा यांना मी म्हटले की पावसाआधी चार रात्री इथे मेंढरे बसवा, लेंडीखत होईल. लोक शेतात बसवतातच. मेंढरे सध्या बाभळीच्या शेंगांवरच आहेत, तात्याबा म्हणाले. मला वाटले, चारा कमी पडतो असे सांगताहेत. पोट भरते ना, मग झाले, असे मी म्हणाले. त्यांनी मेंढरे बसवली.

जूनच्या शेवटच्या रविवारी गेले तेव्हा पवन्या विरळ उगवला होता. त्याच्यामध्ये बोटभर उंचीची बाभळीची रोपे होती. एका चौरस मीटरमध्ये एकतीस भरली. खाली बसून मी एक लेंडी टाचणीने फोडली. आत अंकुर फुटलेले बी होते. जनावरांकडून होणारा बीजप्रसार मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाला शिकवत असे.

तोवर माणसे जमली होती. श्रमदानाचे पुढारपण धोंडप्पांकडे होते. त्यांनी माझ्या हातातली लेंडी पाहिली आणि आवाज न चढवता तात्याबांना सांगितले की आजपासून मेंढरे गायरानात आणायची नाहीत. भोवती सगळीकडे पेरण्या झालेल्या. दिवाळीपर्यंत त्या साठ मेंढरांना दुसरे कुरण नव्हते.

"आमच्या हाताला फोड आले ते ह्येच्या शेंगा पेरायला व्हय?" कुदळ घेऊन आलेल्या बायकांतली अक्कम्मा म्हणाली.

तात्याबा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांची बायको मायाक्का हिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

"मेंढरं मी बसवायला सांगितली," मी म्हणाले. "तात्याबा शेंगांचं बोलले होते. मला उमगलं नाही."

मग धोंडप्पा म्हणाले, "बाई, तुमी तर ह्येच शिकवता की."

"हो."

अक्कम्मा पदर तोंडाला लावून हसली. आणखी दोघीतिघी हसल्या.

मायाक्का खाली वाकली. तिने एक रोप बुडाशी धरून ओढले. ओल्या मातीतून वीतभर पांढरे मूळ अखंड बाहेर आले.

"आज हातानं निघतंय," ती म्हणाली. "पंधरा दिसांनी कुदळ लागंल."

धोंडप्पांनी तीन एकरांवर नजर फिरवली. एवढे रान हाताने उपटायचे म्हणजे महिना जाईल, असे काहीसे पुटपुटले.

"सगळ्या रानात न्हाय," तात्याबा पहिल्यांदाच बोलले. "चार रातीच्या चार जागा. वाघर कुटं लावली हुती, मला ठावं हाय."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचे जाळे. तात्याबा पुढे झाले आणि काठीने ओल्या मातीत रेघ ओढत चालले. चारी जागांना रेघ पडली. मी रेघांबाहेर फिरून पाहिले. सात रोपे सापडली. आत शेकड्यांनी होती.

संध्याकाळच्या एसटीपर्यंत दोन जागा साफ झाल्या. माझ्या नखांत माती होती. तात्याबांनी आपणहून सांगितले: यंदाच्या शेंगा सरल्या; पुढच्या वर्षी शेंगांच्या दिवसांत मेंढरे घरच्या वाड्यात बसतील आणि तिथल्या लेंड्या वाड्यातच कुजतील. धोंडप्पा चपला झटकत होते. मनाईबद्दल ते काही बोलले नाहीत. राहिलेल्या दोन जागा सोडून मेंढरे उद्या कुठल्या अंगाने चारायला लावणार, एवढेच त्यांनी तात्याबांना विचारले.