केरूनं मुलगी पाहिली

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात विंचूरच्या कांदा मार्केटातला मापाडी केरू तापानं फणफणला, डोकं धरून वजनकाट्याशेजारी बसला आणि फिट येऊन पडला. धाकटा भाऊ बहिरूनं त्याला जीपमध्ये घालून शहरात, गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात आणलं. पाठीतलं पाणी तपासून डॉक्टर त्याच्या बायकोला, चतुराबाईला म्हणाले, "मेंदूत व्हायरस शिरलाय. रक्तातलं नको ते मेंदूत जाऊ नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. शरीर व्हायरसशी लढताना सूज आली आणि त्या सुजेनं भिंतीच झिरपायला लागल्या."

"म्हणजे चोर धरता धरता घरच्यांनीच भिंत पाडली?"

"तसंच. आता दोन-तीन आठवडे शिरेतून औषध. एकही डोस चुकवायचा नाही."

शुद्धीवर आल्यावर केरूनं चतुराबाईला पाहून चादर गळ्यापर्यंत ओढली. "बाई, तुमचा पेशंट कुठला?" मग बहिरूला जवळ बोलावून सांगितलं, "माझं लग्नाचं वय टळून चाललंय. मुलगी पाहिल्याबिगर सुई टोचू देणार नाय." नर्स आली की तो हात पाठीखाली दाबून धरायचा.

बहिरूनं हात जोडले. "वहिनी, एवढा कार्यक्रम उरकून टाकू."

"माझ्याच नवऱ्याला मी दाखवून घेऊ?" चतुराबाई भडकली. पण औषधाची वेळ टळत होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि कॅन्टीनचा चहा घेऊन पलंगाशी उभी राहिली. शेजारच्या पेशंटचे नातेवाईकही सावरून बसले.

"स्वयंपाक येतो?"

"येतो."

"शिक्षण?"

"सातवी."

केरूनं चहाचा घोट घेतला अन् बहिरूला म्हणाला, "मुलगी चांगली हाय, पण जरा थोराड वाटती. विचार करून कळवू."

चतुराबाईनं कप काढून घेतला. "कळवू नका. आमचाच नकार हाय."

केरूचा चेहरा पडला. "का बरं? माझ्यात काय कमी हाय?"

"सुईला भिणारा नवरा नको मला."

त्यानं तिथल्या तिथं हात पुढे केला. पुढं नर्स दिसली की चतुराबाईकडं बघत तो आपणहून हात लांब करायचा.

ताप उतरला, सूज ओसरली. एका सकाळी तो "चतुरा, पाणी दे" म्हणाला, आणि ती तांब्या धरून ढसढसा रडली. पण सगळं परतलं नाही. आकडे डोक्यात ठरेनात, म्हणून काटा सुटला. तो गोण्या शिवायला बसू लागला. स्वतःचं लग्नही आठवेना.

"मी कसा आलो होतो गं मांडवात?" त्यानं एकदा जेवताना विचारलं.

"पांढऱ्या घोड्यावरून."

त्या दिवशी नवरदेवाचा ट्रॅक्टर बहिरूनंच चालवला होता. त्यानं तोंड उघडलं, तशी वहिनीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"पडलो तर नव्हतो ना?" केरूनं काळजीनं विचारलं.

"छे! लय ऐटीत बसला होता तुम्ही," चतुराबाई म्हणाली.