जवायाचे तीस टक्के

अपंगत्वाच्या परीक्षेत नापास झालेला माणूस दवनीवाड्यात आजवर एकच, आणि तो म्हणजे खेमराज. हातात काठी, खुब्यात लोखंड आणि पिशवीत एक्स-रे असा सगळा दारूगोळा घेऊन तो गोंदियाला गेला आणि धडधाकट ठरून परत आला. हे दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नव्हती. नंदलालच्या पानठेल्यावर चार माणसं जमली की खेमराज स्वतःच सुरू व्हायचा. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घेतलं की निदान हसणं तरी आपल्या मालकीचं राहतं, असं त्याला वाटायचं.

झालं होतं असं. दोन वर्षांमागे चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर धुऱ्यावरून घसरून धानाच्या बांधीत उलटला आणि खेमराजचा उजवा पाय त्याच्याखाली आला. नागपूरला ऑपरेशन झालं, खुब्यात सळई बसली, पाय वाचला. पण वाचला तो जरा आखूड होऊन वाचला. चिखलात उभं राहता येईना, उकिडवं बसता येईना. ठेक्याने केलेली धानाची शेती मालकाने गोड बोलून परत घेतली. बायको सुशिलाबाई दुसऱ्यांच्या धानाच्या रोवण्याला जाऊ लागली आणि खेमराज घरी बसून कोंबड्या हाकलू लागला.

"कोंबड्याही भेत नाई मले," तो सांगायचा. "काठी उचलली का मीच पडतो, हे त्यांले समजलं."

तेवढ्यात ग्रामपंचायतीने बसथांब्याजवळ गाळे बांधले आणि त्यातला एक अपंगासाठी राखून ठेवला. खेमराजचे डोळे चमकले. सायकल दुरुस्ती, पंक्चर, चेन बसवणं ही कामं त्याला लहानपणापासून येत होती, आणि ती स्टुलावर बसून होण्यासारखी होती. सकाळी आंघोळ करून आपण घराबाहेर पडतो आहोत, शटर वर करतो आहोत, कोणी तरी "खेमराजभाऊ, जरा पाहा जी" म्हणतंय, हे त्याने मनात इतक्यांदा पाहिलं होतं की शटरचा खडखडाटसुद्धा त्याला ऐकू यायचा. दोन वर्षांत त्याला कोणी काही काम सांगितलं नव्हतं, आणि ते त्याला खुब्यापेक्षा जास्त दुखत होतं.

अट एकच होती. दाखल्यावर चाळीस टक्के अपंगत्व पाहिजे, आणि दाखला दिवाळीच्या आत पाहिजे. नाहीतर गाळा दुसऱ्याला.

"चाळीस?" खेमराज म्हणाला. "मॅट्रिकले पस्तीसात पास करत होते जी. हे तं मॅट्रिकपेक्षा कठीन झालं!"

कोणाला दाखला द्यावा आणि कोणाला देऊ नये, यावर पानठेल्यावर नेहमीच भांडण व्हायचं. पाय शाबूत होता तेव्हा खेमराजचं मत फार कडक होतं. ज्याला उठताच येत नाही त्यालाच द्यावा, बाकी सगळे कामचुकार, असं तो छाती ठोकून म्हणायचा. ट्रॅक्टर उलटल्यापासून त्याच्या मतात खुबाही बसू लागला, गुडघाही बसू लागला, आणि परवा तर त्याने कंबरदुखीलाही जागा करून दिली.

"आखीन एक ट्रॅक्टर उलटला तं साऱ्या गावाले दाखला देशीन तू," नंदलाल म्हणाला. नंदलालचा एक पाय पोलिओने लहानपणीच गेलेला. पान लावता लावता तो एवढंच बोलला, "जाशीन तं खरं सांगजो. लाजू नोको."

"मी कायले लाजन?" खेमराज म्हणाला.

तपासणीच्या दिवशी रोवणं जोरात होतं. सुशिलाबाई सोबत यायला निघाली होती, पण खेमराजनेच तिला थांबवलं. लंगडायला काय सोबत लागते, असं म्हणून तो एकटाच बसमध्ये चढला.

गोंदियाच्या दवाखान्यात नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. आत एक तरुण डॉक्टर होते आणि टेबलापाशी लिहायला बसलेल्या एक सिस्टर. सिस्टरने कागद पाहिला, चष्मा वर केला आणि खेमराजकडे निरखून बघितलं.

"दवनीवाडा? केशोरीची सुशिला तुमच्याच घरी दिली ना जी?"

"हो," खेमराज म्हणाला.

"अगा माय! मी निर्मला. सुशिलाच्या घरामागं आमचं घर. तुमच्या लग्नात मीच तुमचे जोडे लपवले होते. डॉक्टरसाहेब, हे आमच्या गावचे जवाई!"

झालं. सगळा घात तिथेच झाला. आपल्याकडे जावई एका घराचा कधीच नसतो, तो अख्ख्या गावाचा असतो. केशोरीत खेमराज गल्लीतून निघाला की ओट्यावरच्या बाया पदर सावरायच्या, म्हातारे खाट सोडायचे. पाय मोडल्यावरही तो तिथे पाटावर मांडी घालून जेवला होता. खुर्ची मागितली असती तर कोणी नाही म्हणालं नसतं. पण जावई आणि खुर्ची मागणार? छे! त्याने दात-ओठ खाऊन मांडी घातली होती आणि घाम आला तर भाजी तिखट झाली असं सांगितलं होतं.

आत्ताही त्याची पाठ आपोआप ताठ झाली. हातातली काठी कधी भिंतीला टेकवली हे त्यालाही कळलं नाही.

"काका, ज़रा चलके दिखाओ," डॉक्टर म्हणाले.

आणि खेमराज चालला. वाजंत्री पुढे असावी आणि आपण मांडवाकडे निघालो असावं, तसा चालला. खुब्यात सळईने आग लावली, पण चेहऱ्यावर मात्र नवरदेवाचं हसू.

"पालथी मारके बैठ सकते हो?"

"कायले नाई?" म्हणत तो फरशीवर मांडी घालून बसलासुद्धा. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दर्द हो रहा है?"

"नाई जी. पंखा कमी आहे इथं."

"आमचे जवाई पयलेपासून तगडे," निर्मलाबाई कौतुकाने म्हणाल्या. बिचारीच्या मनात दुसरं काही नव्हतं.

"सीढ़ी चढ़ लेते हो?"

"दोन-दोन चढतो," खेमराज म्हणाला. दोन-दोनचं तर डॉक्टरांनी विचारलंही नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो तसाच ताठ गेला. फाटकाबाहेर निंबाखाली बसला आणि मग त्याला उठताच येईना. शेवटी दोन अनोळखी माणसांनी बखोट धरून त्याला ऑटोत टाकलं. त्याने आधी विचारून घेतलं, तुम्ही केशोरीकडचे तर नाही ना. ते तिरोड्याचे निघाले, म्हणून त्याने हात लावू दिला.

दाखल्यावर तीस टक्के आले.

"माहा मेळच आहे तिसासोबत," त्याने पानठेल्यावर जाहीर केलं. "मॅट्रिकले गनितातही तीसच होते." लोक पोट धरून हसले. तोही हसला. घरी जाऊन मात्र त्याने तो कागद खाटेच्या गादीखाली सरकवला, आणि बसथांब्याकडचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने जाऊ-येऊ लागला, गाळ्याचं बंद शटर दिसू नये म्हणून.

सुशिलाबाईने चार दिवस दम धरला आणि पाचव्या दिवशी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकून ती कडाडली.

"माह्या माहेरची बाई पाहून पाय बरा झाला? मंग माहेरीच जाऊन राहा ना! दवाखान्यात कायले जाता? पुन्हा अर्ज करा. अन् या खेपी मी येते सोबत."

अर्ज केला. फेरतपासणीची तारीख दिवाळीआधीची मिळाली. या वेळी कमी पडायचं नाही म्हणून खेमराजने अंगणात लंगडण्याची तालीम सुरू केली. खांदा टाकायचा, तोंड वाकडं करायचं, मध्येच "आई गं" म्हणायचं. एका सकाळी नंदलाल ठेला उघडायला जाता जाता फाटकात उभा राहून बघत होता.

"हे लंगडनं नोहोय बाबू," तो म्हणाला. "हे नाचनं होय. मी जनमभर लंगडतो, पन असा तं मीही नाई लंगडत."

खेमराज खाटेवर बसला. खोटं लंगडणं जमत नव्हतं आणि खरं लंगडणं चार माणसांत निघत नव्हतं. आता या माणसाने दाखला मागायचा तरी कोणत्या तोंडाने? त्याला स्वतःचीच कीव आली आणि हसूही आलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर बाई होत्या, वयाने मोठ्या, शांत बोलणाऱ्या. पण टेबलापाशी पुन्हा त्याच निर्मलाबाई. "या जवाईबापू," त्या म्हणाल्या, आणि खेमराजची पाठ पुन्हा ताठ. हात पुन्हा भिंतीकडे गेला, काठी पुन्हा भिंतीला टेकली.

"चालून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खेमराजने पहिलं पाऊल टाकलं. ते सरळच पडलं.

"थांबा जी," दारातून सुशिलाबाई म्हणाली. ती पदर खोचून आत आली. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टरबाई, हे असे चालत नाईत. हे यांचं दुसऱ्याच्या समोरचं चालनं आहे."

"मग घरी कसे चालतात?"

"सकारी उठले का खाटेवर बसून पाय हातानं उचलतात अन् खाली ठेवतात. मी चुलीपाशी पाठमोरी बसते. यांले वाटते मले दिसत नाई. पँटीत पाय घालाले भिंत धरतात. आंघोळीले गेले का नळ मोठा सोडतात, कन्हनं आयकू येऊ नये म्हनून. अन् माह्या माहेरी पाटावर जेवाले बसले का भात मांगतात, मंग आखीन मांगतात, मंग पानी मांगतात. उठताच येत नाई ना! सारे उठून जायची वाट पाहात बसतात. माही माय गावभर सांगते, जवायाले भूक मोठी चांगली आहे म्हनून."

खेमराज मान खाली घालून उभा होता. दोन वर्षं आपण मोठे नट, असं तो समजत होता. नळाची युक्ती, भाताची युक्ती, भिंतीची युक्ती, सगळी त्याला स्वतःची फार हुशारी वाटायची. आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेल्या बाईने यातला एकही प्रयोग चुकवला नव्हता. बघूनही ती बोलली नव्हती, त्याची लाज राखत बसली होती.

निर्मलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी मेली तगडे तगडे म्हनत होते," त्या पुटपुटल्या. उठून त्यांनी भिंतीची काठी आणली आणि खेमराजच्या हातात दिली. "गावात मी काही सांगनार नाई जी."

"सांगा ना वो बाई," सुशिलाबाई म्हणाली. "माह्या मायलेच आधी सांगा. पाट उचलून ठेव म्हना, अन् खुर्ची काढ."

मग खेमराज चालला. काठी टेकत, पाय फेकत, खुर्चीचा आधार घेत. मांडी घाला म्हटल्यावर त्याने प्रयत्न केला आणि मध्येच "नाई होत जी" म्हणाला. हे तीन शब्द बोलायला त्याला चालण्यापेक्षा जास्त जोर लागला. डॉक्टरबाईंनी पाय मोजला, खुबा किती वळतो ते पाहिलं, एक्स-रे उजेडाला धरला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

बाहेर पायऱ्यांवर माणसांची गर्दी होती. खेमराजने इकडेतिकडे पाहिलं आणि चारचौघांत पहिल्यांदाच बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"अर्धाच भार टाकून राहिले तुमी," सुशिलाबाई समोर बघत म्हणाली. "पुरा टाका."

त्याने पुरा टाकला.

दाखला आला, पंचेचाळीस टक्क्यांचा. "जिंदगीत पयल्यांदा पास झालो, अन् तेही काठावर नाई," असं म्हणत खेमराजने पानठेल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. आपण नेमका कशाचा आनंद करतोय हे पेढा तोंडात घातल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. गाळाही मिळाला. शटर मात्र त्याला एकट्याला उचलवत नाही. सकाळी नंदलाल येऊन एक कोपरा धरतो आणि दोन लंगडे मिळून ते वर करतात.

दिवाळीनंतर केशोरीला मंडईची जत्रा भरली, लेकी-जावयांना बोलावणं आलं. जेवायच्या खोलीत पाटांची रांग होती आणि भिंतीजवळ एक खुर्ची, समोर स्टुलावर ताट. सासूने काही विचारलं नाही, नुसतं "बसा जी" म्हणाली. खेमराज खुर्चीवर बसला, पोटभर जेवला आणि हात धुवायला उठला. तो खरंच उठला, सगळ्यांच्या आधी.

सासू भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "काऊन जी?" तिने काळजीने विचारलं. "आज भात नाई मांगितला. तब्येत तं बरी आहे ना?"

खेमराजने चुलीकडे पाहिलं. सुशिलाबाई पाठमोरी बसली होती आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते.